जुन्या पावत्यांचा फोल्डर

शेतकरी नोंदणीची साईट उघडेना, तिथून हे सगळं सुरू झालं. सहादेव भाऊसाहेबांनी तीनदा पान उघडून पाहिलं आणि तीनदा तीच ओळ आली, की तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, नवा वापरा. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. ओळ तीच.

"मेलचंबी तसंच हाय," ते मुलाला म्हणाले. "अक्षरं बारीक, आन दोन दिसांआड अडकतंय."

अंगद डबा घेऊन कारखान्याला निघाला होता. तो शेतकी विभागात होता आणि गाळप जोरात चालू असल्यामुळं त्याला दारात थांबायलाही सवड नव्हती. "आरतीला सांगा," तो चप्पल घालता घालता म्हणाला. "बीसीएस झालीय ती. बघंल ती."

आरती चुलीपाशी होती. आपलं नाव आणि आपली डिग्री एका वाक्यात घरात किती महिन्यांनी आली, असं तिच्या मनात आलं, आणि तिला बरंही वाटलं.

सहादेव ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणायचं. कर्जतपासून मिरजगाव रस्त्याला त्यांची वस्ती होती, मागं तीन एकर लिंबाची बाग आणि पुढच्या खोलीत खिडकीला लागून हा कॉम्प्युटर. रोज सकाळी अकराला, आंघोळ आणि देवपूजा उरकली की ते त्याच्यापुढं बसायचे. कार्यालयात टपाल बघायची तीस वर्षांची सवय, ती घरी अशी चालू राहिली होती. झुंबरबाई, त्यांची बायको, त्या वेळेला हातात लसूण नाहीतर निवडायचं धान्य घेऊन उंबऱ्याशी येऊन बसायच्या.

"आलं का काई?" त्या विचारायच्या.

भाऊसाहेब एकेक विषय वाचून दाखवायचे. विम्याचं. रोपवाटिकेचं. बँकेचं. मग म्हणायचे, "बाकी काई न्हाई."

बाकी म्हणजे काय, हे घरात कुणी बोलत नसे. निकिता, अंगदची धाकटी बहीण, चार वर्षांपूर्वी एका सकाळी नगरच्या नर्सिंगच्या कॉलेजला म्हणून गेली आणि तिनं गोरक्ष नावाच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याकडचा, दुसऱ्या समाजातला. भाऊसाहेबांनी भावकीसमोर सांगून टाकलं, की जो तिच्याशी बोलेल त्यानं या दारात यायचं नाही. महिन्यानं त्यांना हृदयाचा झटका आला, नगरला नेऊन स्टेंट टाकावा लागला. त्याच आठवड्यात अंगदनं घरातल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर बदलून टाकले. आरती या घरात येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि निकिताशी तिचं चांगलं जमलं होतं. एवढ्या वर्षांत निकिताकडून काहीच आलं नाही, याचं तिला सासूइतकंच नवल वाटत आलं होतं. "पोरगी दगडाची निघाली," असं झुंबरबाई एकदाच म्हणाल्या होत्या, तेही गाईच्या गोठ्यात, दुसरं कुणी नसताना.

आरतीनं दुपारी बसून ब्राउझर पाहिले. अंगद जाताना सांगून गेला होता, की क्रोम टाक आणि माझ्याच खात्यावर ठेव, म्हणजे घोळ नको. हा घोळ काय असतो ते तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात याच कॉम्प्युटरवर उघडली होती. घरबसल्या मराठी पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासायची, रोजचे चार तास. रात्री जेवताना अंगद भाकरी मोडत हसून म्हणाला, "पुन्याला कोन चाललंय?" घरात जे शोधलं जातं ते त्याच्या खात्यातून त्याच्या मोबाईलवर दिसतं, हे तिला तेव्हा कळलं. तो रागावला नव्हता. "बघू," म्हणाला होता. त्यानंतर आरतीनं त्या कॉम्प्युटरवर ढोकळ्याची कृती आणि लेकीसाठी, दिशासाठी, बडबडगीतं, याशिवाय काही शोधलं नाही. काही शोधायच्या आधी हे दिसलं तर कसं वाटेल, असा विचार करायची तिला सवयच लागली.

म्हणून आता तिनं दोन ब्राउझर घ्यायचे ठरवले. क्रोम घरासाठी, अंगदच्या खात्यावर, मोठ्या अक्षरांत. आणि फायरफॉक्स वेगळा. त्याच्यात एक सोय होती, की बंद केला की मागचं काही शिल्लक ठेवायचं नाही. तिनं ती खूण चालू केली आणि उगाचच दाराकडं बघितलं. दारात कोंबडी होती.

मेलसाठी तिनं थंडरबर्ड निवडला. फुकट होता, मराठी नीट दिसत होतं आणि अक्षरं हवी तेवढी मोठी करता येत होती. राहिलं जुन्या प्रोग्राममधलं सगळं नव्यात आणणं. तिनं फोल्डर एकेक करून उचलले. 'बाग'. 'पेन्शन'. 'विमा'. 'इतर'. 'इतर'च्या आत आणखी एक निघाला, 'पावत्या जुन्या'. त्याच्या नावापुढं आकडा होता, सदतीस, ठळक अक्षरांत. म्हणजे सदतीस न वाचलेले मेल.

भाऊसाहेब एकही मेल न वाचता ठेवत नसत. तिला ते चमत्कारिक वाटलं म्हणून तिनं फोल्डर उघडला. वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, निकिताचं.

पहिला मेल चार वर्षांपूर्वीचा, वडलांना लिहिलेला. "आण्णा, फोन लागत नाही, आईचाही लागत नाही. मेल तुम्ही रोज उघडता हे मला माहीत आहे म्हणून इथे लिहिते. मी बरी आहे. आईला एवढं सांगा."

आरती पुढं वाचत गेली. मुलगा झाला, नाव ओम ठेवलं. धरणाच्या पाण्याशी आम्ही पर्यटकांसाठी तंबू लावतो, गोरक्ष स्वैपाक माझ्यापेक्षा बरा करतो. आईला विचारा शेंगोळ्याचं पीठ किती घट्ट मळायचं, माझे उकळताना फुटतात. आईचा गुडघा कसा आहे. एका मेलमध्ये नुसती एकच ओळ होती, "आज खूप आठवण आली." आणि दर जानेवारीत एक मेल, ओमच्या वाढदिवसाच्या आधी. आम्ही सिद्धटेकला गणपतीला येतोय, दहा ते बारा घाटाच्या पायऱ्यांवर बसू, यावंसं वाटलं तर या. सिद्धटेक या वस्तीपासून तासाभराच्या वाटेवर. दोन जानेवाऱ्या ती तिथं येऊन बसून परत गेली होती.

वाचलेल्या मेलचं ठळक अक्षर बारीक होत गेलं, आकडा उतरत गेला. ते आरतीच्या लक्षात आलं. तिनं सगळे पुन्हा निवडले आणि 'न वाचलेले' अशी खूण केली. सदतीस. मग जुन्या प्रोग्रामची सेटिंग उघडली. तिथं एक फिल्टर होता. या पत्त्यावरून काहीही आलं की थेट 'पावत्या जुन्या'त टाकायचं, कळवायचं नाही. फिल्टर करण्याइतकं कॉम्प्युटरचं ज्ञान घरात तिच्याखेरीज एकालाच होतं.

अंगद चारला आला, चहा घेऊन बागेत ठिबकचा कॉक उघडायला गेला. आरती त्याच्या मागोमाग गेली.

"पावत्या जुन्या," ती म्हणाली. 

अंगदनं कॉकवरचा हात काढला नाही. "उघडला व्हय तू?"

"नवीन प्रोग्राममध्ये आणायचा होता. उघडावाच लागला."

"किती हायत?"

"सदतीस. तुम्हाला माहीत नाही?"

"मी बघत न्हाई. फिल्टर टाकला त्या दिसापासून तो फोल्डर उघडला न्हाई मी."

"एकही वाचला नाही?"

"वाचला आसता तर मंग दडवून ठिवता आला नसता." तो बांधावर बसला. त्याचा आवाज चढला नाही, उलट इतका उतरला की आरतीला जवळ जावं लागलं. "आण्णांना स्टेंट टाकून अकरा दिस झाल्ते. मीच बसलो हुतो कॉम्प्युटरला, तवा तिचा पहिला आला. डॉक्टर म्हनला हुता, मनाला तान नको. म्हनलं सहा महिने थांबू, मंग दाखवू. सहा महिन्यांनी दाखवायचं तर आदी हे सांगावं लागलं आसतं, का मी दडवून ठिवले. मंग वरीस झालं. मंग ते ऱ्हायलंच."

"आत्या रोज विचारतात," आरती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची, सासऱ्यांना मामा.

"मला ऐकू येतं."

पाणी नळ्यांतून सुटल्याचा बारीक फुस्स आवाज आला. अंगद उठला, पँटची माती झटकली. "नव्यातबी तो फिल्टर टाक. तुला जमतंय. आन तुझं ते पुन्याचं काम. घरून करायचं हाय ना? कर. तुझा वेगळा ब्राउझर ठिव, तुझा पासवर्ड तुझ्यापाशी. मी इचारनार न्हाई."

दोन वर्षं 'बघू' म्हणणारा माणूस उभ्याउभ्या हो म्हणाला होता. त्या होकाराला काय बांधलंय ते त्यानं सांगितलं नाही आणि आरतीनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो कदाचित खरंच दचकला असता, म्हणाला असता की छे, तसं काही नाही. तिला ते माहीत होतं, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर धड रागावताही येईना.

संध्याकाळी तिनं नव्या प्रोग्राममध्ये फिल्टर टाकला. पत्ता लिहिला, फोल्डर निवडला, ठीक आहे वर दाबलं. दोन मिनिटांचं काम. अंगदनं लावलेला फिल्टर होता तोवर ती फक्त बघणारी होती. आता तो तिच्या हातचा होता.

दुसऱ्या दिवशी अकराला भाऊसाहेब नव्या मोठ्या अक्षरांवर खूश झाले. "झ्याक केलं पोरी," ते म्हणाले. झुंबरबाई उंबऱ्याशी हुलगे निवडत होत्या.

"आलं का काई?"

"विम्याचं हाय. बाकी काई न्हाई."

आरती स्वैपाकघरात उभी होती. तिनं हातातलं पातेलं पालथं घातलं, पुन्हा सरळ केलं. चार वर्षं ही दोन वाक्यं तिच्या कानावरून गेली होती, भिंतीवरच्या घड्याळासारखी. आता ती अंगावर येत होती. तिला वाटलं, आत्ता बाहेर जाऊन सांगावं. मग भाऊसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशातली गोळ्यांची पट्टी दिसली. मग दिशा दिसली, आजोबांच्या खुर्चीला लोंबकळणारी. ज्या बाजूला बघावं त्या बाजूला घरातलंच माणूस उभं होतं, आणि कुणालाही ढकलल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं.

तिनं पुण्याच्या कंपनीला लिहिलं, त्यांनी नमुन्याचं काम तपासून तिला सोमवारपासून घेतलं. दुपारी एक ते पाच ती तिच्या ब्राउझरमध्ये बसायची, सहावीच्या भूगोलातल्या वेलांट्या सुधारायची. काम आवडत होतं, हे जास्त वाईट होतं.

मंगळवारी दुपारी ती भाऊसाहेबांचा प्रिंटर जोडत होती तेव्हा मेलचा प्रोग्राम उघडा होता. तिच्या डोळ्यांसमोर सदतीसचे अडतीस झाले. आवाज नाही, काही नाही. इनबॉक्समध्ये क्षणभरही काही दिसलं नाही. फिल्टर चोख चालत होता.

तिनं मेल उघडला. "आण्णा, येत्या रविवारी ओमला तीन वर्षं पूर्ण होतात. आम्ही सिद्धटेकला येतोय. दहा ते बारा नेहमीच्या पायऱ्यांवर. तुम्ही नाही तर आईला तरी पाठवा. यंदा आला नाहीत तर मी पुन्हा लिहिणार नाही, तुम्हाला त्रास नको. वहिनीनं तरी एकदा उत्तर द्यायला पाहिजे होतं. असो."

शेवटच्या दोन ओळी आरतीनं पुन्हा वाचल्या. मग मोबाईलवर त्या मेलचा फोटो काढून घेतला.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेले. अंगदशी ती नेहमीसारखी बोलली. त्याला डबा दिला, त्यानं बाजारातून दिशाला बोरं आणली. शनिवारी सकाळी साडेदहाला, भाऊसाहेब देवापुढं बसलेले असताना, तिनं तो अडतिसावा मेल 'पावत्या जुन्या'तून उचलला आणि इनबॉक्समध्ये सगळ्यात वर ठेवला. न वाचलेला, अशी खूण केली. फिल्टर पुसून टाकला. मग दिशाची पाटी घेऊन त्याच खोलीत जमिनीवर बसली, कारण त्यांना काही झालं तर जवळ कुणीतरी पाहिजे होतं. गोळी कुठल्या खिशात आहे तेही तिनं बघून ठेवलं.

अकराला भाऊसाहेब बसले. झुंबरबाई लसूण घेऊन उंबऱ्याशी आल्या. माऊसची एक टिचकी ऐकू आली.  आरतीला पाठमोरे भाऊसाहेब दिसत होते. मान सरळ, हात टेबलावर. श्वास संथ चालू होता. त्यांनी तो मेल एकदा वाचला असावा, मग पुन्हा, कारण पडद्यावरचं पान खाली गेलं आणि वर आलं.

"आलं का काई?" झुंबरबाईंनी विचारलं.

"रोपवाटिकेचं हाय," भाऊसाहेब म्हणाले. तेच, नेहमीचे. "बाकी काई न्हाई."

मग माऊसच्या आणखी दोन टिचक्या ऐकू आल्या. ते उठले, चष्मा डबीत ठेवला आणि बागेकडं गेले. आरतीनं जाऊन बघितलं तर इनबॉक्समध्ये मेल नव्हता. त्यांनी तो काढून टाकला होता.

ती खुर्चीत बसून राहिली. चार वर्षं अंगद ज्या भीतीनं दार लावून बसला होता, त्या दाराला आतून दुसरी कडी होती. बापाला कळलं तर काय होईल? काहीच झालं नाही. ते रोपवाटिकेचं म्हणाले.

झुंबरबाई चुलीपुढं कांदा भाजत होत्या. आरती त्यांच्या शेजारी खाली बसली.

"आत्या, निकिताताईंचे मेल येतात. चार वर्षं येतायत. अडतीस आलेत."

झुंबरबाईंनी चिमटा खाली ठेवला. "तुला कसं ठावं?"

आरतीनं सांगितलं. अंगदचं सांगितलं, स्वतःनं फिल्टर लावला तेही सांगितलं, आणि आज सकाळचंही.   कांदा एका बाजूनं जळून काळा झाला.

"वाच," शेवटी त्या म्हणाल्या.

आरतीनं मोबाईलवरच्या फोटोतला मेल वाचला. मग आठवतील तसे बाकीचे सांगितले. शेंगोळ्याचं आलं तेव्हा झुंबरबाई म्हणाल्या, "गार पानी घालत आसंल. गरम पान्यानं मळ म्हनावं." आणि पदर तोंडात धरला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी तो इतका आत दाबला होता, की आरतीला वाटलं यांना श्वास कसा घेता येतोय.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या मला सिद्धटेकला जायचंय. अंगद, तू सोड गाडीवर."

अंगदनं आरतीकडं बघितलं. आरतीनं ताटाकडं.

"उद्या रविवार. गर्दी आसती," भाऊसाहेब म्हणाले.

"आसू दे."

"पुढल्या चतुर्थीला जाऊ समदे."

"मला उद्या जायचंय." झुंबरबाई या घरात चाळीसएक वर्षांत असं बोलल्या नसाव्यात.  अंगद म्हणाला, "सोडतो."

रविवारी सकाळी आठला झुंबरबाई तयार होत्या. हिरवी साडी नेसलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत रव्याचे लाडू. अंगद गाडी पुसत होता. तेवढ्यात भाऊसाहेब आतून म्हणाले, "अंगद, जरा ये. छातीत भरल्यावानी झालंय."

ते बाजेवर बसले होते, हात छातीवर. चेहरा उतरलेला. घाम होता का? आरतीला दिसला नाही, पण ती दाराशी होती आणि खोलीत उजेड कमी होता. अंगदनं शेजारच्या सूर्यभानची चारचाकी मागवली. भाऊसाहेबांना मागं बसवलं. ते म्हणाले, "हिलाबी चल म्हनावं."

झुंबरबाई पिशवी मांडीवर तशीच धरून बाकावर बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग पिशवी आरतीच्या हातात दिली आणि गाडीत बसल्या. दुसरं काय करणार होत्या? खरंच दुखत असेल तर? आणि नसेल तर ते ठरवणार कोण?

गाडी कर्जतकडं गेली. सिद्धटेकचा रस्ता कर्जतच्या पुढं होता, तिथवर ती जाणार नव्हती.

आरतीनं दिशाला खायला दिलं आणि कॉम्प्युटर लावला. तिचा ब्राउझर उघडला, तिचा मेल उघडला. निकिताचा पत्ता तिला पाठ झाला होता. चार वेळा लिहून खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: "ताई, मी आरती. तुमचे मेल आत्यांपर्यंत कालच पोचले. त्या आज निघाल्या होत्या, हिरवी साडी नेसून. मामांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात गेल्या. आधी का नाही, ते पुढं लिहीन. त्यात माझीही चूक आहे. आता या पत्त्यावर लिहा."

पाठवलं तेव्हा साडेदहा झाले होते. पावणेबाराला उत्तर आलं. त्यात अक्षर एकही नव्हतं. फोटो होता. दगडी पायऱ्या, मागं भीमेचं पाणी, आणि निळं स्वेटर घातलेला एक मुलगा, कपाळाला गुलाल, हातातल्या पेढ्याकडं लक्ष.

दीडला गाडी परत आली. कार्डिओग्राम साफ निघाला होता, डॉक्टर म्हणाले पित्त असेल. भाऊसाहेब बाजेवर आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. झुंबरबाईंना आरतीनं हाताला धरून कॉम्प्युटरपुढं बसवलं. त्यांनी त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बूड टेकलं होतं. फोटो पडदाभर झाला.

"नाक गोरक्षाचं आसंल," त्या म्हणाल्या. गोरक्षाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "आपल्यात आसं नाक कुनाचं न्हाई." आणि पडद्यावरच्या नाकावर बोट ठेवलं.

मागं अंगद उभा होता. केव्हा आला ते दोघींना कळलं नाही. त्यानं फोटो पाहिला. त्याचे डोळे भरले, हे आरतीनं पाहिलं. तरीही आई उठून गेल्यावर तो म्हणाला, "तुझा पासवर्ड दे."

"नाही."

"आण्णांना आज काय झालं बघितलं न्हाई का?"

"मामांनी मेल काल वाचला. माझ्यासमोर. तेव्हा काही झालं नाही. वाचून आत्यांना सांगितलं, बाकी काही नाही."

 हे अंगदला ठाऊक नव्हतं. चार वर्षं त्यानं बापासाठी ज्याचं ओझं वाहिलं, ते बापानं दोन टिचक्यांत काढून टाकलं होतं.  माणसाला हरल्यावर काहीतरी हातात घ्यावं लागतं, तसं त्यानं भिंतीवरचा वायफायचा डबा काढला, वायर गुंडाळली आणि कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. आरतीच्या मोबाईलचा रिचार्ज आदल्या दिवशीच संपला होता. तो मारायचं काम अंगदचं होतं.

चार दिवस घर बंद डबीसारखं होतं. पुण्याच्या कंपनीला कळवायलाही तिच्याकडं साधन नव्हतं. भूगोलाची अर्धी प्रुफं पडून होती. झुंबरबाई दुपारी तिच्याजवळ येऊन बसायच्या आणि काळ्या पडद्याकडं बघायच्या. भाऊसाहेब अकराला बसायचे, प्रोग्राम उघडायचे, आणि पुढं काही यायचं नाही. पहिल्या दिवशी ते अर्धा तास बसले. दुसऱ्या दिवशी दोनदा उठून वायर हलवून आले. चौथ्या दिवशी त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. पाचव्या सकाळी अंगद डबा घेऊन निघाला तेव्हा ते ओट्यावर उभे होते.

"ते नेट लाव," ते म्हणाले. "माझं टपाल अडकलंय."

"आण्णा, त्याच्यावर..."

"मला ठावं हाय त्याच्यावर काय काय येतं. लाव म्हनलं ना."

अंगदनं किल्ली काढली. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. 

तेव्हापासून असं चाललंय. सकाळी अकराला खुर्ची भाऊसाहेबांची, एकपासून आरतीची. कंपनीनं एक आठवड्याचं काम दुसऱ्याला दिलं, पण तिला काढलं नाही. निकिताचे मेल आता आरतीच्या पत्त्यावर येतात. तीन वाजता भाऊसाहेब झोपलेले असतात तेव्हा झुंबरबाई स्टूल ओढून तिच्या शेजारी बसतात, आरती हळू आवाजात वाचते आणि त्या सांगतील ते लिहिते. अंगद सुट्टीच्या दिवशी घरी असला तर त्या वेळेला बागेत निघून जातो. एकदा त्यानं जाताना विचारलं, "बरी हाय का ती?" आरती हो म्हणाली. त्यापुढं त्यानं पाऊल टाकलं नाही. भाऊसाहेबांनी अजून ते नाव तोंडातून काढलेलं नाही, आणि भावकीपुढचा शब्दही मागं घेतलेला नाही. पुढच्या जानेवारीत सिद्धटेकला कोण जाईल, हे आज कुणी सांगू शकत नाही.

परवा निकितानं लिहिलं, की तिच्याकडं आता चांगला मोबाईल आहे, वहिनीच्या कॉम्प्युटरवरून समोरासमोर बोलता येईल, ओम आजीला गाणं म्हणून दाखवेल. आरतीनं ते वाचलं आणि म्हणाली, "आत्या, लावू का? पाच मिनिटं लागतील. त्यांचा चेहरा दिसेल, बोलता येईल."

झुंबरबाईंनी दाराकडं बघितलं. आतून भाऊसाहेबांचं घोरणं ऐकू येत होतं.

"नगं," त्या म्हणाल्या. "फोटूच धाडाय सांग. तिला हालताना बघितलं तर मला रडू येईल, आन ह्या घरात डोळं पुसायला जागा न्हाई."

आरतीनं तसं लिहिलं नाही. सध्या नेट कमी चालतंय, फोटोच पाठवा, असं लिहिलं, आणि पाठवायच्या आधी एकदा वाचून दाखवलं. झुंबरबाईंनी मान हलवली.